आधी कुणाला विचारता?

हे लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. पन्नाशी उलटल्यावर लेखणी हाती धरणाऱ्या व्यक्तीने निदान स्वतःपुरते लिहावे, दुसऱ्याच्या आयुष्यात हात घालू नये, असे माझे मत होते आणि अजूनही आहे. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचे ते गृहस्थ माझे चुकले तर दुरुस्त करायला आता नाहीत. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले. प्रश्नपत्रिका आणि परीक्षकाचा अहवाल यांपलीकडे माझ्या हातून काही उतरलेले नाही. तरीही त्यांच्याबाबत एक गोष्ट मला ठरवता येत नाही, आणि ती एकटीने मनात ठेवणे आता जड जाते. वाचकांनी एवढ्यापुरते सांभाळून घ्यावे.

आम्ही त्यांना ‘सर’ म्हणत असू. इथेही तेवढेच म्हणते. सांगलीच्या एका महाविद्यालयात ते संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते आणि मी वडूजहून, साताऱ्यात शिक्षण पुरे करून आलेली नवखी अधिव्याख्याता. रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझी पदवी, गुण, प्रबंध यांपैकी काहीच विचारले नाही. समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवले आणि म्हणाले, “बाई, या विभागातला कोण रजेवर गेला तर काम बंद पडेल, ओळखा बघू.”

मी भीतभीत म्हणाले, “आपण, सर.”

“चूक. शिपाई. कपाटाची किल्ली त्याच्याकडं असते. मी रजेवर गेलो तर उलट काम भराभर होतं.”

ते विनोदाने बोलत आहेत की रागाने, हे मला त्या दिवशी कळले नाही. पुढे कळले की ते दोन्हीपैकी काहीच नव्हते. ही त्यांची पाहण्याची रीत होती. बँकेत, लग्नाच्या कार्यालयात, दवाखान्यात, कुठेही गेले की त्यांची नजर आधी हेच शोधायची, की इथले सगळे नेमके कुणाच्या हातात आहे. बाहेर कुणाचे नाव लावले आहे याला ते महत्त्व देत नसत. “पाटी वाचून काय कळतं? हात बघा,” असे ते म्हणत. एका विद्यार्थ्याच्या लग्नात जेवणाची पंगत खोळंबली, तेव्हा सगळे आचाऱ्याला बोल लावत होते. सर मात्र सरळ नवऱ्या मुलाच्या आत्याकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, “जय जिनेंद्र. तुपाच्या खोलीची किल्ली तुमच्या कमरेला आहे, तेवढी देता का?” पंगत सुरू झाली. आत्याबाई पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलत नव्हत्या असे ऐकले.

विभागप्रमुखांच्या सभेला ते खिशातून फुटाणे घेऊन जात. जो बोलेल त्याच्यापुढे, तो बोलत असेपर्यंत, एकेक फुटाणा सरकवत राहायचे. सभा संपली की टेबलाकडे नुसते पाहावे: प्राचार्यांपुढे ढीग, दोघा-तिघांपुढे चिमूटभर आणि बाकीच्यांपुढे लाकूड. सरांना वाटले होते की हे पाहून प्राचार्य वरमतील. प्राचार्यांनी पहिल्याच वेळी आपल्या ढिगातले फुटाणे खायला सुरुवात केली आणि खाता खाता भाषण पुढे चालू ठेवले. सर मला म्हणाले, “मोजमाप बरोबर होतं, बाई. साधन चुकलं. पुढच्या वेळी खडे आणतो.”

घराच्या दाराला त्यांनी तीन कुलपे लावली होती. बाईसाहेब, म्हणजे त्यांच्या पत्नी, निवृत्तीनंतरच्या वर्षीच गेल्या. मूलबाळ नव्हते. आपल्याला घरात काही झाले तर कुणीतरी आत यावे, परंतु एकट्या कुणाच्याही हाती घर असू नये, अशी त्यांची अट. म्हणून शेजारच्या तीन घरांत त्यांनी किल्ल्या अशा वाटून दिल्या होत्या की कोणतेही दोघे एकत्र आले तर दार उघडेल, एकट्याने उघडणार नाही. निवृत्तीनंतर एकदा ते विभागात आले, स्वतःच्या किल्ल्या माझ्या टेबलावर विसरले, आणि मी त्या लॉकरमध्ये ठेवाव्यात तशा जपून ठेवल्या. त्या दुपारी शेजारी एकच घर उघडे होते. मी किल्ल्या घेऊन पोचले तेव्हा सर आपल्याच पायरीवर उन्हात बसलेले होते, आणि शेजारच्या अक्का त्यांना ताक देत म्हणत होत्या, “आवं सर, माज्याकडं दोन हाईत, तिसरं कुलूप फोडू का दगडानं?”

“फोडायचं असतं तर लावलं कशाला, अक्का?”

“मंग बसा शिजत.”

आणि ते समाधानाने बसले. आपली योजना ठरल्याप्रमाणे चालते आहे याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मी स्पष्ट पाहिले.

सूर्यास्तापूर्वी जेवण हा त्यांच्या घराण्यातला नेम. त्यामुळे त्यांच्याशी काही बोलायचे तर दिवसाउजेडी बोलावे लागे. साडेपाचच्या सुमारास ते कुठल्याही चर्चेतून, अगदी आपलेच वाक्य अर्धे सोडून, उठत. त्यांच्या पश्चात ते वाक्य पूर्ण करण्याचे काम बहुधा माझ्याकडे येई. मी ते कधीच नीट पार पाडले नाही.

आता मूळ हकिगतीकडे येते.

सरांचा एक जुना विद्यार्थी, किरण, आटपाडीचा. बेंगळुरूची चांगली नोकरी सोडून तो गावी परतला आणि त्याने सातारा-सांगलीच्या शेतकरी गटांसाठी ब्लॉकचेनचे, म्हणजे एकच नोंदवही अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवणारे, एक जाळे उभारले. हेतू साधा होता. आटपाडीचे डाळिंब, खटावचा घेवडा, सांगलीची हळद गोदामात किंवा शीतगृहात गेली की तिचे वजन आणि प्रत यांची नोंद मागाहून कुणालाही बदलता येऊ नये. अशा जाळ्याला एक मालक नसतो. गावोगावचे गट आपापला संगणक चालवतात. त्याला ही मंडळी ‘नोड’ म्हणतात. प्रत्येक नोड काही रक्कम तारण म्हणून अडकवून ठेवतो. ज्याचे तारण जितके, तितके त्याच्या साक्षीचे वजन. खोटी साक्ष दिली तर तारण कापले जाते. ज्यांना संगणक सांभाळणे जमत नाही ते आपले तारण विश्वासातल्या नोडच्या पदरात टाकतात. दोन तृतीयांशाहून अधिक वजनाच्या साक्षी जुळल्या की नोंद पक्की होते. आणि एक तृतीयांश वजन जरी गप्प बसले तरी सगळे जाळे जागच्या जागी थांबते.

म्हणूनच असे जाळे खरोखर किती पसरलेले आहे हे मोजण्याची एक सोपी रीत आहे. सर्वांत वजनदार नोडपासून मोजत जायचे आणि किती जण मिळून जाळे अडवू शकतात ते पाहायचे. तो आकडा मोठा आला तर सत्ता पुष्कळांत वाटलेली. लहान आला तर यादीत नावे कितीही असोत, कारभार मूठभरांचा.

हंगामाआधी सर्व गटांची सांगलीत सभा व्हायची होती आणि यंदाचा माल या जाळ्यावर नोंदवायचा की नाही, हे तिथे ठरायचे होते. किरणचे सारे त्यावर अवलंबून होते. गटांचे म्हणणे असे, की बाहेरच्या कुणीतरी हे जाळे तपासावे. कुणी तपासावे, यावर मात्र क्षणभरही मतभेद झाला नाही. सरांनी.

सरांनी मला हाताशी घेतले. संगणकावरची माहिती आम्ही दोघांनी चार-पाच दिवस चाळली. आकडा नऊ आला. म्हणजे जाळे अडवायचे तर किमान नऊ नोडनी संगनमत करायला हवे. एवढ्याशा जाळ्याला हा आकडा उत्तम होता. सरांचा स्वतःचाही एक जुना संगणक किरणच्या आग्रहावरून त्यात होता, पण त्याचे वजन नगण्य. ते कुणाचेही तारण पदरात घेत नसत. किरणने पेढे आणले. सरांनी अर्धा पेढा खाल्ला आणि म्हणाले, “हे तारणाचं वजन झालं. आता माणसांचं बघून येऊ. बाई, एसटीनं चलाल ना?”

खंडाळ्याचा नोड एक निवृत्त सुभेदार चालवत. घराच्या पडवीत, देवाच्या फोटोखाली, स्वच्छ पुसलेला संगणक. आम्ही पोचताच त्यांनी सावधान उभे राहावे तसे उभे राहून सरांना नमस्कार केला.

“इन्व्हर्टर डबल लावलाय, सर. लाइट गेली तरी आपली पोस्ट सोडत न्हाई गडी.”

सरांनी इन्व्हर्टरचे कौतुक केले, चहा घेतला आणि मग विचारले, “सुभेदार, जाळ्यात काही बदल आला, बटण दाबायचं आहे. दाबण्याआधी कुणाला विचारता?”

“कुणाला म्हंजे? तुमालाच की.”

“मला?”

“व्हय. गेल्या टायमाला फोन नव्हता का केला? तुमी म्हणला, करा. केलं.”

“आणि मी ‘नको’ म्हटलं असतं तर?”

सुभेदारांना प्रश्नच समजला नाही. “तर न्हाई केलं असतं,” ते म्हणाले, आणि मोठ्याने हसले. सर हसले नाहीत.

वडूजला महिला शेतकरी गटाच्या अध्यक्ष शालनताई. माझ्याच गावच्या, माझ्या आईला ओळखणाऱ्या, घेवड्याच्या पोत्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेल्या. सरांनी त्यांनाही तेच विचारले.

“आमी आदी सुभेदारास्नी इचारतो,” शालनताई म्हणाल्या.

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेचा अर्थ असा, की आकडा निदान दोनवर तरी गेला. “बरं. आणि सुभेदार काय सांगतात?”

“ते म्हणत्यात, थांबा ताई, सरांस्नी फोन लावतो.”

मागे पोती मोजणाऱ्या बायका खुदकन हसल्या. शालनताईंनी त्यांना दटावले आणि सरांना समजावून सांगितले, “आवं सर, त्यात काय? माजा थोरला तुमच्या हाताखाली शिकला. सुभेदारांचा पुतण्या शिकला. किरण शिकला. तुमी सांगितल्याबिगर आमी कशाला हात लावू?”

जतकडे तेच, आटपाडीत तेच. कुणी सरळ सरांना विचारी, कुणी एका माणसाच्या आडून. परतीच्या गाडीत सर खिडकीशी बसले होते. मांडीवर घरून आणलेला डबा होता. मी दोनदा आठवण केली. त्यांनी मान हलवली, परंतु झाकण काढले नाही. माळावर सूर्य टेकला, मग दिसेनासा झाला, आणि डबा तसाच बंद राहिला. ते त्या दिवशी उपाशीच घरी गेले.

विट्याच्या पुढे ते एकदाच बोलले. “बाई, एवढे संगणक, एवढी गावं. आणि सगळ्यांची एकच तार. ती माझ्या खिशात.” त्यांनी सदऱ्याच्या खिशातला फोन काढून पाहिला. तो काढता काढताच वाजू लागला. पलीकडून कुणीतरी विचारीत होते की संगणकाखाली लाकडी फळी ठेवावी की लोखंडी. सरांनी शांतपणे सांगितले, “लाकडी ठेवा.” फोन ठेवल्यावर म्हणाले, “मला यातलं काय कळतं?”

सभेच्या आधीच्या आठवड्यात जाळ्याची नवी आवृत्ती यायची होती. ठरलेल्या वेळेपर्यंत प्रत्येक नोडने बटण दाबून ती स्वीकारायची, असा नियम. सूचना किरणने सर्वांना स्वच्छ मराठीत पाठवली होती. त्या दिवशी सकाळी सरांनी मला घरी बोलावले. किरणला काही कळवलेले नव्हते. त्यांनी माझ्यासमोर फोन बंद केला आणि टेबलाच्या खणात ठेवला.

“काही करायचं नाही,” म्हणाले. “फक्त बसायचं.”

आम्ही बसलो. त्यांनी पडद्यावर जाळ्याच्या नोंदी लावून ठेवल्या होत्या. एकाखाली एक ओळी उमटत होत्या. ठरलेली वेळ आली, आणि ओळी थांबल्या. शेवटची ओळ तशीच उजळ राहिली. त्यांचा मुद्दा सिद्ध झाला होता. मी त्यांच्याकडे पाहिले तेव्हा ते खणाकडे पाहत होते.

थोड्याच वेळात फटफटीचा आवाज आला. किरण चपला न काढताच आत शिरला.

“सर, जाळं थांबलंय! निम्म्याहून जास्त लोकांनी बटणच दाबलं नाही!”

“का बरं?”

“का म्हणजे? तुमचा फोन लागत नाही म्हणून!”

आपण काय बोललो हे त्याचे त्यालाच ऐकू आले असावे. तो खाली बसला. चपला काढून बाजूला ठेवत त्याने विचारले, “सभेच्या तोंडावर हे करायला पाहिजे होतं का, सर? मी नोकरी सोडून आलोय.”

“माहीत आहे मला.”

“मग?”

सर उत्तर देणार, तेवढ्यात अक्का आपला फोन हातात धरून दारात आल्या. “सर, वडूजवरनं कोन बाई हाईत. लय घाबऱ्या झाल्यात. इचारत्यात, सर बरं हाईत न्हवं? सकाळधरनं फोन लागत न्हाई.”

“मशिनीबद्दल काही विचारलं का?”

“न्हाई बा. तुमी जित्तं हाय का, येवढंच.”

सरांनी चष्मा काढला. मला वाटले, आता ते फोन हातात घेतील. त्यांचा हात थोडा पुढे आलाही होता. मग तो त्यांनी मागे घेतला. “बरा आहे म्हणून सांगा, अक्का. बाकी काही सांगू नका.”

पुढचा तासभर अक्कांच्या फोनवर खंडाळा, आटपाडी, जत असे एकामागून एक फोन येत राहिले. नंबर कुणी कुणाला दिला देव जाणे. सगळ्यांचा प्रश्न एकच. अक्का प्रत्येकाला सांगत होत्या, “बरं हाईत, ताक प्यायलेत.” जाळ्याबद्दल त्या तासाभरात एकानेही विचारले नाही. जाळे दुसऱ्या दिवशी, किरण स्वतः गावोगाव फिरल्यावर, पुन्हा सुरू झाले.

सभेला मी पाठीमागे बसले होते. मोठ्या सभांत मला बोलता येत नाही. त्या दिवशी बोलावेही लागले नाही. सरांनी कागद आणला नव्हता. ते उभे राहिले आणि म्हणाले, “तुम्ही मला मोजायला सांगितलं. संगणकावर मोजलं तर आकडा नऊ येतो. माणसांत मोजलं तर एक येतो. तो एक मी आहे. गेल्या आठवड्यात मी फोन बंद केला आणि तुमचं जाळं थांबलं.”

आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

तो क्षण मी विसरू शकत नाही. टाळ्या खोट्या नव्हत्या. आपला माणूस एवढा मोठा, याचा त्यांना अभिमान वाटला होता. मागून कुणीतरी ओरडले, “सर एकटं बास हाईत की!” पुन्हा हशा आणि टाळ्या. सर हात वर करून थांबवत होते, आणि लोकांना तो विनय वाटत होता.

शेवटी सुभेदार उठले तेव्हा शांतता झाली. “सर, एक इचारू? आमी तुमच्यावर इस्वास ठेवला, ही आमची चूक झाली व्हय?”

“नाही, सुभेदार.”

“मंग तुमी आमाला परीक्षेला का बसवलं? तेबी न सांगता?”

सरांनी टेबलावर दोन्ही हात टेकले. मग जे बोलले ते त्यांनी मला आधी कधीही सांगितले नव्हते. “सांगतो. तुमचा फोन येतो. दिवसभरात घरात दुसरा आवाज नसतो. मला बरं वाटतं. आणि बरं वाटतं म्हणून मी ‘करा’ म्हणतो. निम्म्या वेळा मी काही वाचलेलं नसतं. उद्या मला कुणी गोड बोलून काही सांगायला लावलं, तर तुम्ही सगळे ते कराल, आणि जतपासून खंडाळ्यापर्यंतच्या मालाची नोंद एका म्हाताऱ्याच्या करमणुकीवर चालेल. हे मी कुठल्या सूत्रात धरू?”

ते पुढे म्हणाले, “माझा नोड आजपासून बंद. आणि यापुढं मला फोन करायचा नाही. आपापसांत विचारा. भांडा. पण मला नाही.”

सुभेदारांनी टोपी सारखी केली. “तुमचा सबूद हाय, सर. न्हाई करनार,” एवढे बोलून ते खाली बसले.

सभेने ठराव केला की जाळे आणखी काही महिने चाचणीवर चालवावे आणि सरांच्या मदतीशिवाय तीन बदल सुरळीत पार पडले तर माल नोंदवावा. किरणचा तो हंगाम हुकला. तो आठवडाभर सरांकडे फिरकला नाही. नंतर आला तेव्हा सर घरी नव्हते; अक्कांकडच्या दोन किल्ल्या मागून तो तिसरीची वाट पाहत पायरीवर बसला, आणि पुन्हा येऊ लागला.

पहिला बदल गोंधळात झाला. सुभेदार आणि शालनताई यांचे वाजले. ताईंनी त्यांना ऐकवले म्हणे की पलटणीतले हुकूम पलटणीत ठेवा. दुसऱ्या वेळी शालनताईंनी सूचना स्वतः वाचून काढली आणि तिच्यातली एक चूक किरणला दाखवली. तिसऱ्या वेळी आटपाडीकरांनी सरळ नकार दिला, कारणे मांडली, आणि बाकीच्यांना ती पटून बदल पुढे ढकलला गेला; गटांनी तोही पार पडल्यातच धरला. मी पुन्हा गावोगाव जाऊन तोच प्रश्न विचारला. आता प्रत्येक ठिकाणी वेगळे नाव येत होते. माणसांत मोजलेला आकडा सात आला. मी तो सरांना सांगायला गेले.

ते ओट्यावर बसले होते. शेजारी तिपाईवर फोन होता, पूर्ण चार्ज केलेला. त्यांनी आकडा ऐकला, दुसऱ्यांदा सांगायला लावला, आणि मग म्हणाले, “एक शंका आहे, बाई. माझ्या सांगण्यावरून ते माझं ऐकेनासे झाले. हे कुठल्या रकान्यात घालायचं?”

मी हसले. ते उत्तराची वाट पाहत आहेत हे माझ्या उशिरा लक्षात आले.

लोकांनी त्यांचा शब्द तंतोतंत पाळला होता. जाळ्यासंबंधी फोन करू नका, एवढाच त्यांचा आशय होता असे मला वाटते. तिथल्या माणसांनी तो तसा घेतला नाही. सरांनी ‘नाही’ म्हटले, म्हणजे नाही. सणाला नाही, पाऊसपाण्याचे विचारायला नाही, नातवंडाचे नाव सांगायला नाही. मी एकदा शालनताईंना सुचवून पाहिले की एरवी करायला हरकत नसावी. त्या म्हणाल्या, “नगं बाई. त्येंनी भर सभेत सांगितलंय.” सरांनाही मी सुचवले, की आपणच एखादा फोन करावा. त्यांनी मान हलवली. “मी केला की पुन्हा विचारायला लागतील. आत्ता कुठं जमतंय त्यांना.”

एका दुपारी मी गेले तेव्हा ते फोनवर रंगून बोलत होते. पलीकडची मुलगी कसलासा विमा विकत होती. सर तिला तिचे गाव, शिक्षण, जेवण झाले का, सगळे विचारत होते. विमा त्यांनी घेतला नाही. तिने फोन ठेवल्यावर मला म्हणाले, “कराडची आहे. हुशार आहे,” आणि साडेपाच वाजायला आले होते म्हणून जेवायला उठले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ते मिरजेच्या दवाखान्यात दाखल झाले. दुखणे थोड्याच दिवसांचे होते. किरण, अक्का आणि मी आळीपाळीने असू. अखेरच्या सकाळी किरणने विचारले, “सर, गटांना कळवू का? सगळे येतील.” त्या दिवशी जाळ्यात एक मोठा बदल व्हायचा होता, यंदा पहिल्यांदाच खरा माल त्यावर नोंदलेला होता. सरांना ते ठाऊक होते. ते म्हणाले, “आज नको. कामात आहेत. झालं की सांग.”

बदल दुपारी पार पडला. कुठे काही अडले नाही. किरणने ते त्यांना सांगितले तेव्हा त्यांना ऐकू गेले की नाही, ते मला खात्रीने सांगता येत नाही. संध्याकाळच्या आत ते गेले.

मंडळी दुसऱ्या दिवशी आली, सर्व आटोपल्यावर. खंडाळ्याची जीप, वडूजची, आटपाडीची. सुभेदार ओट्याखाली उन्हात उभे राहिले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. शालनताई माझ्याजवळ आल्या. त्यांचा आवाज रागाचा होता. तो कुणावर होता ते त्यांनाही सांगता आले नसते.

“बाई, आमी फोन करत हुतो, ते काय निस्तं मशिनीचंच इचारायला व्हय?”

माझ्याजवळ आकडा आहे, आणि तो चांगला आहे. ज्यांचा माल त्या जाळ्यावर आहे ते आज कुणा एकाच्या मर्जीवर नाहीत. हे सरांमुळे झाले, आणि अन्य कोणत्याही मार्गाने झाले असते असे मला वाटत नाही. पण ताईंचा चेहरा समोर आला की तो आकडा मला मोठ्याने म्हणवत नाही.

म्हणून वाचकांनाच विचारते. त्या दिवशी अक्कांच्या हातातला फोन त्यांनी घ्यायला हवा होता का?